सोलापुरातून बायोटेक कंपनी चालवताना: माणसं, पैसा आणि बहाराचा हिशोब

आमच्या कंपनीचं पहिलं मोठं नुकसान प्रयोगशाळेत झालं नाही, कॅलेंडरवर झालं. गुंतवणुकीचे पैसे मेअखेरीस येणार होते, ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आले. दुसऱ्या एखाद्या धंद्यात दीड महिन्याचा उशीर उधार-उसनवारीवर निभावला असता. पण आम्ही डाळिंबाच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगावर जैविक औषध तयार करत होतो आणि अशा औषधाची खरी परीक्षा मृग बहारात, म्हणजे जूनमध्ये फुलणाऱ्या हंगामात, पावसाळी दमट हवेत होते. सांगोल्याकडच्या ज्या बागा चाचणीसाठी ठरवल्या होत्या, तिथे शेतकऱ्यांनी तोवर आपापल्या फवारण्या सुरू केल्या होत्या. तुलनेसाठी कोरी ठेवायची एकही रांग शिल्लक नव्हती. दीड महिन्यापायी आख्खं वर्ष गेलं.

सोलापूर जिल्ह्यात जैवतंत्रज्ञानाची कंपनी काढू पाहणारी तरुण मुलं हल्ली भेटायला येतात. कुणाला डाळिंबात काम करायचं असतं, कुणाला उसाच्या मळीपासून काही बनवायचं असतं, कुणाला रोगनिदानाचं किट करायचं असतं. त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा पैशापासून सुरू होतात. माझ्या अनुभवात पैसा, माणसं आणि नेतृत्व ही तीन वेगळी खाती नाहीत. तिन्ही एकाच गोष्टीला बांधलेली असतात: पुढच्या प्रश्नाचं खरं उत्तर, होकार असो वा नकार, तुमच्या टेबलावर किती लवकर येतं. त्याच क्रमाने पायऱ्या मांडतो.

पायरी १: कंपनी प्रश्नांच्या यादीत उतरवा

एक कागद घ्या. तुमचं उत्पादन बाजारात जायला कोणकोणत्या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ यावी लागतील, ते लिहा. आमची यादी अशी होती. आमचा जिवाणू तेल्या घडवणाऱ्या झँथोमोनास या जिवाणूला पेट्री डिशमध्ये रोखतो का? चाळीस अंशांच्या उन्हात पानावर जिवंत राहतो का? एप्रिलमध्ये मंगळवेढ्याच्या कृषी सेवा केंद्राच्या फळीवर बाटलीत सहा महिने टिकतो का? शेतात दोन बहार सलग काम करतो का? मोठ्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीत, परवडेल अशा खर्चात वाढतो का? नोंदणीसाठी लागणारी माहिती उभी राहते का?

प्रत्येक प्रश्नासमोर तीन गोष्टी लिहा: किती दिवस, किती पैसे आणि उत्तर ‘नाही’ आहे हे कोणत्या आकड्यावरून ठरवणार. तिसरा रकाना प्रयोग सुरू होण्याआधीच भरा. निकाल हातात आल्यावर आपण सगळेच आपल्या मनाजोगता आकडा शोधायला लागतो, माझ्यासकट.

मग क्रम लावा. जो प्रश्न स्वस्तात सुटतो आणि ज्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर सगळंच थांबतं, तो आधी. आम्ही टिकवणक्षमतेचा प्रश्न चौथ्या क्रमांकावर ठेवला होता, कारण तो कंटाळवाणा वाटत होता. खरं तर एक इनक्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी) आणि तीन महिन्यांत त्याचा पहिला अंदाज आला असता. तो उशिरा सोडवल्यामुळे आमचं पहिलं फॉर्म्युलेशन, म्हणजे जिवाणू ज्या मिश्रणात भरून विकायचा ते, पूर्ण बदलावं लागलं.

जेनेन्टेक कंपनीचा सुरुवातीचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १९७६ मध्ये रॉबर्ट स्वान्सन आणि हर्बर्ट बॉयर यांनी ती काढली, तेव्हा ध्येय इन्सुलिन होतं. पण आधी त्यांनी सोमॅटोस्टॅटिन हे अवघ्या १४ अमिनो आम्लांचं छोटं हार्मोन जिवाणूकडून बनवून घ्यायचं ठरवलं. स्वतःची प्रयोगशाळाही नव्हती, काम विद्यापीठात आणि दुसऱ्या संशोधन केंद्रात करून घेतलं. १९७७ मध्ये ते जमलं, १९७८ मध्ये इन्सुलिन जमलं, एली लिली कंपनीशी करार झाला आणि १९८२ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. जिवाणूकडून मानवी हार्मोन बनतं का, हा मूळ प्रश्न त्यांनी सर्वांत लहान रेणूवर, कमीत कमी पैशात सोडवून घेतला आणि ते उत्तर हातात घेऊन पुढचा पैसा उभा केला.

पायरी २: पैसा येण्याआधीची कागदपत्रं

इथे बहुतेकजण घाई करतात, म्हणून थोडक्यात पण ठासून सांगतो.

संस्थापकांचे समभाग पहिल्याच दिवशी पूर्ण नावावर करू नका. चार वर्षांत हळूहळू पक्के होतील आणि पहिल्या वर्षाच्या आत कुणी सोडून गेलं तर काहीच मिळणार नाही, असा करार करा. मित्र आहे, वर्गमित्र आहे, मेव्हणा आहे, तरी करा. मैत्री टिकावी म्हणूनच करा.

संशोधन कुणाच्या नावावर आहे ते तपासा. संस्थापकांपैकी कुणी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात नोकरीला असेल, काम तिथल्या उपकरणांवर झालं असेल, तर संस्थेची लेखी परवानगी आणि हक्कांचं हस्तांतरण हवं. गुंतवणूकदाराचा वकील हा कागद पहिल्या आठवड्यात मागतो.

पेटंटचा अर्ज भरण्याआधी जाहीर बोलू नका. आपल्याकडे पोराने काही नवं केलं की गावात सत्कार होतो, वर्तमानपत्रात बातमी येते, महाविद्यालय व्याख्यानाला बोलावतं. त्या उत्साहात तपशील बाहेर गेला की नावीन्यच धोक्यात येतं. आधी तात्पुरता अर्ज भरा. पूर्ण अर्जासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. सत्कार पुढच्या महिन्यात घ्या.

आणखी दोन गोष्टी. स्थानिक बागेच्या मातीतून जिवाणू वेगळा केला असेल तर तो जैविक संसाधन ठरतो. जैवविविधता कायदा, २००२ मुळे पेटंटच्या वाटेवर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं, त्याला वेळ धरा. आणि स्ट्रेन, म्हणजे तुमचा निवडलेला जिवाणू वाण, फक्त आपल्या फ्रीजरमध्ये ठेवू नका. पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र किंवा चंडीगडचं एमटीसीसी हे सूक्ष्मजीव संग्रह केंद्र ही पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याच्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट करारानुसार मान्य असलेली ठेव केंद्रं आहेत. पेटंटसाठी तिथली ठेव लागतेच. शिवाय मे महिन्यात एमआयडीसीतली वीज रात्रभर गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर कंपनीचा जीव दुसरीकडे सुरक्षित असतो.

पायरी ३: माणसं, आणि वाईट बातमीची वाट

या पायरीवर मी सर्वांत जास्त शब्द खर्च करणार आहे, कारण इथेच आम्ही सर्वांत जास्त चुकलो.

आमच्याकडे वाढवलेल्या जिवाणूंचं एक कल्चर नऊ दिवस दूषित होतं. त्याचा वास बदललाय हे टेक्निशियनला दुसऱ्या दिवशी कळलं होतं. मला दहाव्या दिवशी कळलं. मी त्याला विचारलं, “अरे, मग बोलला का नाहीस?” तो म्हणाला, “सर, तुम्ही पुण्याच्या मीटिंगच्या गडबडीत होता. म्हटलं, पुढच्या बॅचला नीट होईल.” मुलगा प्रामाणिक होता, कामसू होता. घरात तेलुगू बोलणारा, वडील यंत्रमागावर चादरी विणणारे. मालकाला अडचण सांगायची नसते, आपणच निस्तरायची असते, असं तो लहानपणापासून पाहत आला होता. आपल्या भागात विचारलं की उत्तर येतं, “होतंय सर.” त्या ‘होतंय’मध्ये आदर असतो, कष्ट असतात आणि कधी कधी आठवड्याभराचा बिघाड दडलेला असतो. चूक त्याची नव्हती. कंपनीत वाईट बातमीला यायला वाट नव्हती आणि ती वाट काढणं माझं काम होतं.

थेरानोस या अमेरिकी कंपनीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २००३ मध्ये सुरू झालेली कंपनी, रक्ताच्या थेंबावर शेकडो तपासण्यांचा दावा आणि २०२२ मध्ये संस्थापिकेला फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं गेलं. तिथे विभागांना एकमेकांशी बोलू दिलं जात नव्हतं आणि यंत्र चुकतंय असं सांगणाऱ्यांना बाजूला काढलं जात होतं. फसवणूक हे शेवटचं टोक झालं. पण ‘साहेबांना आत्ता नको सांगायला’ हे वाक्य ज्या कंपनीत रूढ होतं, ती त्याच रस्त्याला लागलेली असते.

आम्ही पुढच्या वर्षभरात बदललेल्या गोष्टी:

सोमवारी सकाळी साडेनऊला सगळे लिहायच्या पाटीभोवती उभे राहतात. चहा मिळतो, खुर्च्या नसतात. पहिल्या दहा मिनिटांत फक्त बिघडलेलं सांगायचं, आणि सुरुवात मी करतो. माझी चूक, माझा उशीर, गुंतवणूकदाराने दिलेला नकार. पहिले पाच आठवडे माझ्याशिवाय कुणी बोललं नाही. सहाव्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, “निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हचा दाब टिकत नाहीये, मी दोनदा चालवला तेव्हा जमलं.” त्या दिवशी मी एकच गोष्ट केली. सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले आणि तिथूनच मेकॅनिकला फोन लावला. वाईट बातमी सांगितल्यावर काही तरी लगेच घडतं हे माणसांना दिसलं पाहिजे. नुसतं ‘मोकळेपणाने बोला’ म्हटल्याने कुणी बोलत नाही.

प्रयोगवहीत पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. चूक एका रेषेने कापून बाजूला तारीख आणि सही. फसलेल्या प्रयोगाची नोंद यशस्वी प्रयोगाइतकीच पूर्ण. वही मराठीत लिहिली तरी चालते. आकडे, एकके आणि बॅच क्रमांक मात्र ठरलेल्या पद्धतीनेच. भाषेच्या संकोचाने कुणी निरीक्षण गाळू नये म्हणून ही मुभा आहे. आमच्याकडे एक मुलगी अक्कलकोटकडची, घरी कन्नड. तिची निरीक्षणं सर्वांत बारीक असतात, पण इंग्रजीत लिहायचं म्हटलं की दोन ओळींत आटोपायची.

महिन्यातून एक दिवस प्रयोगशाळेतली माणसं बागेत जातात आणि बागेतली प्रयोगशाळेत येतात. हे सुरू होण्याआधी दोघांत धुसफूस होती. शेतावरचे म्हणायचे, “आत एसीत बसून यांना काय कळतंय,” आणि आतले म्हणायचे, “नमुना नीट आणत नाहीत.” प्रयोगशाळेतल्या मुलांनी भर उन्हात पाठीवर पंप घेऊन दोन एकर फवारल्यावर नोझल तुंबवणारं फॉर्म्युलेशन त्यांनीच आपणहून बदललं.

माणसं निवडताना पहिल्या तीनांत एक असा हवा, ज्याने कंपनीत उत्पादन बाहेर काढलेलं पाहिलंय. पदवी कितीही मोठी असो, ऑडिट, बॅच रेकॉर्ड आणि नोंदणी पाहिलेला माणूस वेगळाच असतो. असा माणूस बहुतेकदा पुण्यात किंवा हैदराबादला असतो आणि मूळचा आपल्याकडचा असतो. आईवडील म्हातारे झालेत, परत यायचंय, पण इथे काम नाही म्हणून अडलेला. त्याला शोधा. पगारात तुम्ही बरोबरी करू शकणार नाही, म्हणून कर्मचारी समभाग योजना ठेवा. कायद्याने समभागांचा हक्क दिल्यापासून तो पक्का व्हायला किमान एक वर्ष जावं लागतं. ही योजना मराठीत, उदाहरणासह, घरच्यांना वाचता येईल अशी लिहून द्या. सोलापुरात सोनं आणि जमीन कळते. समभागाचा कागद म्हणजे काय हे वेळ देऊन समजवावं लागतं.

पायरी ४: कोणत्या प्रश्नाला कोणता पैसा

आता पहिल्या पायरीतली यादी पुन्हा काढा. प्रत्येक प्रश्नाचा धोका वेगळा, म्हणून त्याला लागणारा पैसाही वेगळा.

अगदी सुरुवातीचा प्रश्न, म्हणजे कल्पनेत दम आहे का, हा अनुदानावर सोडवा. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये बायरॅक ही संस्था उभी केली. तिचं ‘बिग’ अनुदान ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी असतं आणि त्या बदल्यात समभाग द्यावे लागत नाहीत. अर्ज बायरॅकच्या भागीदार केंद्रांमार्फत हाताळले जातात. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याचं व्हेंचर सेंटर. अर्ज भरण्याआधी तिथे जाऊन या. अनुदान हप्त्यांनी आणि टप्पे पूर्ण झाल्यावर मिळतं, म्हणून दोन हप्त्यांमधल्या काळासाठी हाताशी रक्कम ठेवा. अर्जात मोठी स्वप्नं कमी आणि ‘नाही’ कधी म्हणणार हे जास्त लिहा. परीक्षक शास्त्रज्ञ असतात, त्यांना ते आवडतं.

त्यानंतर जवळच्या माणसांचा पैसा. यात आपल्याकडे मोठा खड्डा आहे. डॉक्टर मित्र, आडते, सराफ, काका असे दहाजण प्रत्येकी दोन-तीन लाख ‘हातउसने’ म्हणून कंपनीच्या खात्यात टाकतात. संचालक किंवा त्यांचे नातेवाईक नसलेल्या माणसांकडून कंपनीने असं कर्ज घेतलं, तर कंपनी कायदा, २०१३ नुसार ती ठेव ठरू शकते आणि पुढे मोठा गुंतवणूकदार येतो तेव्हा हेच प्रकरण गळ्यात येतं. सरळ समभाग द्या, आणि रीतसर द्या. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, पैसे वेगळ्या बँक खात्यात, ६० दिवसांत समभाग वाटप, वाटपानंतर १५ दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंद आणि ती होईपर्यंत त्या पैशाला हात नाही. मान्यताप्राप्त स्टार्टअपला परिवर्तनीय कर्जरोख्याचाही, म्हणजे पुढे समभागांत बदलता येणाऱ्या कर्जाचाही, मार्ग आहे. त्यात एका गुंतवणूकदाराकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख यावे लागतात. कंपनी सेक्रेटरीची फी वाचवू नका.

जवळच्यांना एक वाक्य समोर बसून सांगा: “काका, हे पैसे बुडू शकतात, आणि बुडाले नाहीत तरी सात-आठ वर्षं हातात यायचे नाहीत.” ज्याला हे ऐकून व्याजाचा दर विचारावासा वाटतो, त्याचे पैसे घेऊ नका. भिशीची शिस्त आणि संशोधनाची गती यांचा मेळ बसत नाही.

हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची गोष्ट मी अशा वेळी सांगतो. वरप्रसाद रेड्डी हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. त्यांनी १९९३ मध्ये कंपनी काढली, हिपॅटायटिस बीची भारतीय बनावटीची लस १९९७ मध्ये बाजारात आली. मधल्या वर्षांचं भांडवल ओमानमधून आलं. पैसा देणाऱ्याला थांबायची तयारी होती, म्हणून लस झाली.

आता धावपट्टीचा हिशोब, म्हणजे हातातले पैसे किती दिवस पुरतील ते. समजा नोव्हेंबर सुरू होतोय, खात्यात २० लाख आहेत, महिन्याचा खर्च ४ लाख. सगळे म्हणतात, “पाच महिने आहेत.” पण तुमचा पुढचा निर्णायक प्रश्न जूनमध्ये फुलणाऱ्या मृग बहाराचा आहे आणि त्याची फळं डिसेंबर-जानेवारीत तोडली जातील. म्हणजे उत्तर यायला पंधरा महिने, ६० लाख. उत्तर आल्यावर नवीन गुंतवणूक मिळायला सहा महिने धरा, आणखी २४ लाख. एकूण ८४. हातात २०. म्हणजे ६४ लाख आणि चाचणीचा खर्च, हे पैसे मार्चअखेर खात्यात पाहिजेत. बोलणी सहा महिने चालतात असं धरलं तर ती ऑक्टोबरमध्येच सुरू व्हायला हवी होती. पाच महिन्यांची धावपट्टी वाटत होती, प्रत्यक्षात तुम्ही महिनाभर मागे आहात. ज्यांचं काम हस्त किंवा आंबे बहारावर, उसाच्या गाळप हंगामावर किंवा रुग्णालयातल्या नमुन्यांवर आहे, त्यांनी आपापल्या हंगामाने हा हिशोब मांडावा.

गुंतवणूकदारासमोर बसाल तेव्हा प्रश्नांची यादीच दाखवा. कोणते सुटले, कोणत्याचं उत्तर ‘नाही’ आलं आणि त्यामुळे काय बदललं, आणि त्यांच्या पैशाने कोणते दोन सुटतील. नोंदणीचा रस्ताही स्वच्छ मांडा. जैविक कीडनाशक असेल तर कीटकनाशक कायदा, १९६८; जैविक खत किंवा बायोस्टिम्युलंट (पिकाची वाढ सुधारणारं द्रव्य) असेल तर खत नियंत्रण आदेश, १९८५; निदान किट असेल तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७. उत्पादन कोणत्या कायद्यात बसतं यावर दोन वर्षांचा फरक पडू शकतो, आणि हे विचारल्यावर संस्थापक अडखळला की समोरचा वही मिटतो. हे मी माझ्यावरून सांगतो.

करारात मूल्यांकनाच्या आकड्यावरच नजर खिळवू नका. समजा कुणी २० टक्क्यांसाठी २ कोटी दिले आणि पुढे कंपनी ४ कोटींनाच विकली गेली. अग्रहक्क, म्हणजे विक्रीतून आपले पैसे आधी परत घेण्याचा हक्क, साधा असेल तर गुंतवणूकदार आपले २ कोटी घेईल, उरलेले २ बाकीच्यांचे. अग्रहक्कासोबत ‘सहभागी’ हक्क असेल तर आधी २ कोटी आणि उरलेल्यातले पुन्हा २० टक्के, म्हणजे आणखी ४० लाख. एका शब्दाची किंमत इथे ४० लाख आहे. पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर टप्पा मोजता येईल अशा भाषेत लिहा, आणि पैसे जमा व्हायची तारीख हंगामाच्या आधीची घाला. आम्ही ती तारीख घातली नव्हती. सुरुवातीला सांगितलेलं वर्ष त्यामुळेच गेलं.

पायरी ५: पैसे आल्यानंतर

दर महिन्याच्या पाच तारखेला सगळ्या गुंतवणूकदारांना एक पानाचं पत्र पाठवा. शिल्लक, महिन्याचा खर्च, किती महिने पुरतील, कोणता प्रश्न चालू आहे, काय बिघडलं, कसली मदत हवी. बिघडलेलं पहिल्या अर्ध्या पानात. सोमवारच्या पाटीचाच नियम बाहेरच्यांनाही लावा. ज्या महिन्यात आम्ही शेतातला खराब निकाल जसाच्या तसा कळवला, त्याच महिन्यात एका गुंतवणूकदाराने फॉर्म्युलेशन जाणणाऱ्या निवृत्त तज्ज्ञांशी गाठ घालून दिली.

पायरी ६: बागायतदाराला टीममध्ये घ्या

केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. चाचणीचा आराखडा पक्का करण्याआधी तिथल्या शास्त्रज्ञांशी बोला. रोगाची तीव्रता कशी मोजायची, किती झाडं, किती पुनरावृत्ती, हे चुकलं तर पुढचे सगळे आकडे फुकट जातात.

पण आकडे शेवटी झाडावरून येतात, आणि झाड कुणाचं तरी असतं. तुलनेसाठी कोरी ठेवलेली रांग म्हणजे शेतकऱ्याने डोळ्यांदेखत तेल्याला दिलेली रांग. पहिल्या वर्षी आम्ही ती नुसत्या शब्दावर मागितली होती. आता फेब्रुवारीत बागेवर बसून बोलणी होतात. कोरी रांग किती झाडांची, गेल्या तीन वर्षांत त्या झाडांनी किती किलो दिलं, त्याची भरपाई किती, शेजारच्या रांगांत रोग पसरू नये म्हणून काय करायचं, हे सगळं एका पानावर. मार्चमध्ये निम्मी भरपाई त्यांच्या खात्यात जमा होते, चाचणी सुरू होण्याच्या तीन महिने आधी. गेल्या मृगात एका बागायतदार अण्णांनी स्वतः कोऱ्या रांगेला लाल फिती बांधल्या आणि गडी चुकून फवारू नये म्हणून पाऊस थांबेल तेव्हा बांधावर येऊन उभे राहिले. सप्टेंबरमध्ये रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. “तुमच्या औषधाच्या तिसऱ्या रांगेत डाग दिसायला लागलेत. उद्या उजाडायच्या आत या.”

आम्ही पावणेसहाला बागेत होतो.